सेटवर प्रेमात पडणाऱ्या दोन नटांची कादंबरी लिहितेय, पण त्यांचं प्रेम खरं वाटत नाहीये

अबोली

गेली दोन वर्षं एक कादंबरी लिहितेय. सरळसरळ प्रेमकथा आहे. दोन नट, एक सिनेमा, साठ दिवसांचं शूटिंग आणि त्या साठ दिवसांत दोघांचं एकमेकांत गुंतत जाणं. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तीन मैत्रिणींना वाचायला दिला. तिघींनी एकाच पानावर बोट ठेवलं.

त्या पानावर प्रेमाचा सीन चालू आहे. तो तिचा हात हातात घेतो, संवाद म्हणतो, दिग्दर्शक 'कट' म्हणतो आणि तो हात सोडतच नाही. मला वाटलं होतं, पुस्तकातली सगळ्यात काळजाला भिडणारी जागा हीच. एकीने समासात लिहिलंय, "हे खूपदा वाचलंय." दुसरीने लिहिलंय, "तो अजूनही अभिनयच करत असेल तर?" तिसरीने नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय.

दुसरीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्यांचं कामच प्रेमात पडल्याचं दाखवणं आहे, त्यांचं प्रेम खरं आहे हे वाचकाने कशावरून ओळखायचं? एरवीच्या प्रेमकथेत नजर, स्पर्श, कापरा झालेला आवाज हे पुरावे चालतात. इथे माझे नायक-नायिका हे सगळं दिवसभर पोटापाण्यासाठी करतात, तेही 'वन मोर' म्हटलं की पुन्हा तसंच्या तसं. म्हणजे प्रेमकथा लिहिताना हाताशी असतं ते सगळं इथे निकामी होतं.

मग उरतं काय? कुणी सेट जवळून पाहिलाय, कुणाला अशा कादंबऱ्या मनापासून आवडतात, कुणी स्वतः काम केलंय, त्यांनी कृपया लिहा. पात्रांची नावं अजून ठरत नाहीयेत, म्हणून इथे नुसतं 'ती' आणि 'तो'.

पानगळ

फार आवडीचा विषय. मी प्रेमकथा हावऱ्यासारख्या वाचते आणि सेटवरच्या प्रेमाच्या तर शोधून वाचते.

आधी एक गोष्ट. या प्रकारात शेवट गोड होणार हे वाचणारीला पहिल्या पानापासून माहीत असतं, त्या भरवशावरच ती पुस्तक हातात घेते. त्यामुळे 'दोघं एकत्र येतील का' यात उत्कंठा नसते. ती असते 'या दोघांना एकमेकांवर विश्वास टाकणं कसं जमेल' यात. म्हणून तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न दोष दाखवणारा नाही. तुमच्या कादंबरीचा कणाच तो आहे. तोच प्रश्न तिला, म्हणजे नायिकेला पडू दे. ज्याला दहा टेकमध्ये दहा वेळा डोळ्यांत पाणी आणता येतं, त्याच्या अकराव्या अश्रूवर तिने का भरवसा ठेवावा?

'कट' झाल्यावरही हात न सोडण्याबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तिथे चाळीस माणसं बघतायत. तो हात त्या चाळिसांसाठीही धरलेला असू शकतो. मला असं काहीतरी वाचायचंय जे फक्त तिच्यासाठी आहे आणि बाकी कुणाला कळलंच नाही.

मधुमालती

वाचतेय. पानगळला +१.

कंटिन्युइटीवाली

मी सेटवर कंटिन्युइटी बघते, म्हणजे एका टेकमधलं दुसऱ्या टेकशी जुळतंय ना ते, म्हणून लिहायला बसले. जरा मोठं होईल.

सिनेमा गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाही हे बहुतेकांना माहीत असतं, पण कादंबऱ्यांमध्ये त्याचा उपयोग केलेला क्वचितच दिसतो. एका लोकेशनवरचे सगळे सीन एकदम उरकायचे असतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ताटातुटीचा सीन लागतो आणि पहिली भेट लागते शेवटच्या आठवड्यात. अबोलीताई, तुमच्या गोष्टीसाठी ही सोन्यासारखी संधी आहे. ज्या दिवशी ते एकमेकांना धड ओळखतही नाहीत, त्या दिवशी त्यांना सात वर्षांच्या संसाराचा शेवट करायचाय. आणि ज्या दिवशी ते एकमेकांशिवाय राहू शकत नाहीत, त्या दिवशी एकमेकांना पहिल्यांदा बघितल्याचं दाखवायचंय. प्रेम लपवायचा अभिनय. इथे तुमचं प्रेम आणि अभिनय एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात आणि वाचणाऱ्याला दोन्ही वेगवेगळे दिसतात.

आता माझ्या कामाचं. माझ्या नोंदींत काय असतं? कप कुठल्या हातात, चहा किती उरलाय, केसांची बट कानामागे की पुढे, कुठल्या शब्दावर मान वळली, कुठल्या शब्दावर कप खाली ठेवला. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा सीन एकत्र दिसतो त्या लांबच्या शॉटमध्ये, जे केलं तेच क्लोजमध्ये, म्हणजे एका चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्ये, व्हायला हवं, नाहीतर एडिटला कापता येत नाही. चांगल्या नटाच्या हे सगळं अंगात मुरलेलं असतं. एकदा एक अत्यंत काटेकोर नट, कधीही न चुकणारा, सलग तीन टेक कप ठेवायलाच विसरला. मी जाऊन आठवण करून दिली तर म्हणाला, "सॉरी, मी ऐकत होतो." समोरची तिचं वाक्य त्या दिवशी वेगळं म्हणत होती आणि तो खरोखर ऐकत होता. त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही आणि ते महत्त्वाचंही नाही. पण तेव्हापासून माझ्या मनात बसलंय, की खरं ऐकणारा माणूस कंटिन्युइटी चुकवतो.

आणि पानगळ, तुम्ही विचारलंत ना, फक्त तिच्यासाठी असलेलं काय? आम्ही आधी मास्टर घेतो, मग सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा, आणि मग क्लोज. तिचा क्लोज लागला की तो फ्रेममध्ये नसतो. त्याने कॅमेऱ्याला चिकटून उभं राहायचं, तिला बघायला नजर, म्हणजे लुक द्यायचा आणि क्यू, म्हणजे सीनमधली आपली वाक्यं म्हणायची. हे दमवणारं काम आहे आणि त्यातला एक सेकंदही पडद्यावर दिसणार नसतो. म्हणून कित्येक जण आपला क्लोज उरकला की निघून जातात. मग क्यू कुणीतरी असिस्टंट कागदावरून वाचतो, एकसुरी, आणि नटीला लेन्सशेजारी लावलेल्या टेपच्या तुकड्याकडे बघत रडावं लागतं. मी हे पुष्कळदा पाहिलंय.

पण काही जण थांबतात. आपलं काम संपलेलं असतं, गाडी खाली उभी असते, तरी थांबतात आणि नुसते क्यू म्हणत नाहीत, सगळा जीव ओतून सीन करतात, कारण समोरचीला त्यातून काहीतरी मिळावं. कॅमेऱ्याची पाठ त्यांच्याकडे असते. त्यांचा तो अभिनय जगात फक्त एक माणूस बघतो.

पानगळ

अंगावर काटा आला. अबोली, मिळालं तुम्हाला.

अर्धविराम

धागा छान चाललाय, पण एक दुसरी बाजू. मी मानसशास्त्र शिकवतो.

१९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. उंच, डुगडुगणाऱ्या पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटायची, काही प्रश्न विचारायची आणि आपला फोन नंबर द्यायची. हाच प्रयोग एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावरही केला. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी. छातीतली धडधड भीतीची होती, पण मनाने तिचा संबंध समोरच्या बाईशी लावला, असा त्यांचा अर्थ. १९८९ मध्ये केलरमन, लुईस आणि लेअर्ड यांनी अनोळखी स्त्री-पुरुषांना दोन मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावलं, तर तेवढ्यानेही त्यांच्यातली ओढ वाढल्याचं दिसलं.

आता सेट बघा. झोप अपुरी, ताण भरपूर, घरापासून लांब, रोज तेच माणूस समोर आणि डोळ्यांत डोळे घालणं हे तर कामच. झुलत्या पुलावर साठ दिवस उभं राहिल्यासारखं आहे हे. त्यामुळे 'ते प्रेमात पडले' हे मला लगेच पटतं. न पडते तर नवल. मला पटवून घ्यायचंय ते हे, की पुलावरून उतरल्यावरही ते प्रेम राहतं. तुमची कादंबरी पॅकअपला संपत असेल तर ती माझ्यासाठी अर्धीच आहे.

विंगेतला

अर्धविराम यांच्याशी पूर्ण सहमत, अनुभवाने.

कॉलेजात असताना एका नाटकात काम केलं. तालमी धरून पाच महिने आणि एकूण चौदा प्रयोग. मी तिच्या प्रेमात होतो आणि ती माझ्या, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती दिव्याच्या वर्तुळात यायची आणि मी विंगेत श्वास रोखून उभा असायचो. अजूनही ते वर्तुळ डोळ्यांसमोर येतं.

शेवटच्या प्रयोगानंतर आठ दिवसांनी आम्ही भेटलो. दोघांनी खूप प्रयत्न केला. बोलायला काही सुचेना. शेवटी मी नकळत नाटकातलं एक वाक्य म्हणालो आणि तिने त्याचं पुढचं वाक्य म्हटलं. तिथेच दोघांना कळलं. आम्ही एकमेकांना ते शब्द सोडून काहीच दिलेलं नव्हतं. भांडण झालं नाही, कुणी फसवलं नाही. नाटक संपलं आणि त्याच्याबरोबर ते संपलं.

म्हणून अबोली, एक विनंती. तुमच्या दोघांना शूटिंगच्या काळातच स्वतःचे शब्द सापडू द्या. अगदी साधे, लेखकाने न लिहिलेले.

अबोली

विंगेतला, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ते पुढचं वाक्य म्हणणं विसरता येणार नाही.

कंटिन्युइटीवाली, तुमचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून भिंतीला लावलाय. माझ्या खर्ड्यात शूटिंग गोष्टीच्या क्रमानेच होतं. ते बदलावं लागणार, म्हणजे जवळजवळ सगळंच पुन्हा लिहावं लागणार. पण आता ते लिहावंसं वाटतंय.

जुनी संदूक

थोडा इतिहास, कारण तो या प्रश्नाला धरूनच आहे.

दिदरो या फ्रेंच विचारवंताने अठराव्या शतकात नटाच्या विरोधाभासावर एक संवाद लिहिला. तो छापून आला त्याच्या मृत्यूनंतर, १८३० मध्ये. मोठा नट स्वतः काही अनुभवत नाही, तो फक्त अचूक दाखवतो, असं त्याचं म्हणणं. त्यात त्याने एक प्रसंग दिलाय. रंगमंचावर प्रेमिकांच्या भूमिका करणारे दोघं खऱ्या आयुष्यात नवरा-बायको आहेत आणि एकमेकांचा तिरस्कार करतात. प्रेमाची वाक्यं मोठ्याने म्हणताना मधल्या जागांमध्ये ते एकमेकांना हळूच वाट्टेल ते बोलतायत. प्रेक्षक मात्र भारावून टाळ्या वाजवतात.

हे लांबचं वाटत असेल तर १९६० चा 'मुघल-ए-आझम' घ्या. सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो तो प्रसंग. तो चित्रित झाला तोवर दिलीपकुमार आणि मधुबाला यांच्यात साधं अभिवादनही उरलं नव्हतं, असं दिलीपकुमार यांनी २०१४ च्या आत्मचरित्रात सांगितलंय. पडद्यावर कुणाला शंका तरी येते का? म्हणून 'त्यांचा सीन बघून सेटवरच्या सगळ्यांना कळलं' असं वाक्य कादंबरीत आलं की माझा विश्वास उडतो. सीन बघून काहीही कळत नाही.

उलट बाजू बघा. 'मदर इंडिया'मध्ये नर्गिस सुनील दत्त यांची आई झाल्या होत्या. आगीचा प्रसंग चित्रित होताना आग हाताबाहेर गेली, त्या ज्वाळांत अडकल्या आणि सुनील दत्त यांनी आत शिरून त्यांना बाहेर काढलं. दोघंही भाजले. ११ मार्च १९५८ ला त्यांचं लग्न झालं. पडद्यावर आई आणि मुलगा, म्हणजे भूमिकेने त्यांना प्रेमाची एक ओळसुद्धा दिली नव्हती. जे झालं ते पटकथेच्या बाहेर झालं.

आणि एक माझं सगळ्यात आवडतं. हॉलिवूडची नटी लॉरेन बकॉल १९ वर्षांची, पहिलाच सिनेमा, समोर ४४ वर्षांचे हम्फ्री बोगार्ट. भीतीने तिची मान थरथरायची. ती थांबवण्यासाठी तिने हनुवटी छातीशी टेकवली आणि नजर तेवढी वर उचलून बघितलं. जगाने त्या बघण्याला मादक म्हटलं आणि त्याचीच तिची ओळख झाली. १९४५ साली दोघांनी लग्न केलं. मला नेहमी वाटतं, सगळ्या जगाला ती नजर मोहक दिसत असताना समोर उभ्या असलेल्या एका माणसाला ठाऊक असेल की पोरगी घाबरलीय. प्रेमकथा त्या ठाऊक असण्यात आहे.

मधुमालती

जुनी संदूक, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली.

कात्रीखाली

मी एडिटिंग करते. संदूक म्हणतात ते खरंच आहे, पडद्यावरची केमिस्ट्री पुष्कळदा आमच्या टेबलावर तयार होते. रशियात क्रांतीनंतरच्या वर्षांत कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी, कधी एका स्त्रीशेजारी जोडला. बघणाऱ्यांना त्यात भूक, शोक आणि वासना दिसली. मीही एका टेकमधली त्याची नजर दुसऱ्या दिवशीच्या तिच्या हसण्याला जोडते आणि प्रेम होतं. दोघं एका वेळी एका खोलीत होते की नाही याने काही फरक पडत नाही.

पण मला जे दिसतं ते इतर कुणाला दिसत नाही. कॅमेरा 'अ‍ॅक्शन'च्या आधी सुरू होतो आणि 'कट'नंतर क्षणभर चालू राहतो. क्लॅप पडायच्या आधीचे आणि कट झाल्यानंतरचे ते दोन-चार सेकंद मी रोज कापून टाकते. त्यात नट पात्र चढवत असतो किंवा उतरवत असतो. नाक पुसतो, घड्याळ बघतो, जांभई देतो. आणि कधी कधी, कट झाल्यावर, संवाद नाही, दिग्दर्शक नाही, अशा वेळी त्याची मान आपोआप कुणाकडे तरी वळते. सीन बरा झाला का हे विचारायला दिग्दर्शकाकडे वळणारी मान वेगळी आणि ती ठीक आहे ना हे बघायला वळणारी मान वेगळी.

अबोली, तुमची ती हात न सोडण्याची जागा मी कापली असती, पण मान वळण्याची ठेवली असती. सांगणारी एडिटरच केलीत तर? साठ दिवसांचं सगळं फुटेज एकटीने बघणारी बाई. तिला दोघांच्याही आधी कळतं.

अर्धविराम

एडिटर निवेदक हे फारच आवडलं. पण मग पॅकअपनंतरचा भाग तिला कसा दिसणार?

कात्रीखाली

डबिंगला येतात की दोघं. महिनोन् महिने लोटलेले असतात, केस वेगळे, शरीरं वेगळी, आणि पडद्यावर स्वतःचंच जुनं प्रेम बघत त्या ओठांच्या हालचालींशी आपला आवाज जुळवायचा असतो. तुमचा पूल तिथे मोजता येईल.

शांतरस

एक शंका. हल्ली इंटिमसी कोऑर्डिनेटर असतात म्हणे. प्रत्येक स्पर्श आधी ठरवायचा, हात कुठे ठेवायचा, किती वेळ ठेवायचा. असं सगळं मोजूनमापून झालं तर सेटवरच्या प्रेमातला उत्स्फूर्तपणाच जाईल ना? कादंबरीत तरी ते टाळावं असं वाटतं.

कंटिन्युइटीवाली

अजिबात टाळू नका. यावर मी ठाम आहे.

एचबीओ या अमेरिकन वाहिनीने २०१८ मध्ये आपल्या सगळ्या जवळिकीच्या सीनसाठी अशी व्यक्ती ठेवायला सुरुवात केली आणि २०२० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने, सॅग-आफ्ट्राने, त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्याआधी काय होतं, तर 'तुम्ही दोघं बघून घ्या.' त्या उत्स्फूर्तपणाची किंमत बहुतेक वेळा नटीने मोजली. टेक चालू असताना न ठरलेला स्पर्श झाला तर ती थांबवूही शकत नव्हती, कारण तिनेच टेक खराब केला असं झालं असतं. ही भीती ज्या सेटवर आहे तिथे प्रेम फुलतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या नटीचा चेहरा टेकनंतर पाहिलेला नाही.

आता सीन नृत्यासारखा बसवतात. ठरलेलं ठरल्याप्रमाणेच होणार हे दोघांना माहीत असतं, आवश्यक तेवढीच माणसं आत असतात, नको म्हणायचा हक्क शेवटच्या क्षणापर्यंत असतो. आणि लेखिकेच्या बाजूने बघितलं तर हे किती उपयोगी आहे! सीनमधला प्रत्येक स्पर्श विचारून, ठरवून, लिहून झालाय. मग सीनच्या बाहेर, जिन्यात, पहिल्यांदा तो जेव्हा विचारतो, "चालेल?" तेव्हा तो शब्द तिने शंभर वेळा ऐकलेला असतो, पण कागद नसताना पहिल्यांदाच.

शांतरस

पटलं. मी या बाजूने विचारच केला नव्हता. शंका मागे घेतो.

पानगळ

"चालेल?" इतका साधा शब्द. विंगेतल्यांनी मागितलेला लेखकाने न लिहिलेला शब्द बहुधा हाच.

बूमरॅंग

उशिरा आलोय. मी साउंडला असतो. एवढ्या चर्चेत आमचं नाव कुणी काढलं नाही, म्हणून दोन गोष्टी.

एक, लेपल. नटाच्या कपड्यात माइक असतो आणि कट झाल्यावर तो आपोआप बंद होत नाही. कॅमेरा थांबतो, पण आमच्या कानांत त्यांचा श्वास चालू असतो. मेकअप रूममधलं, जिन्यातलं, फोनवरचं सगळं ऐकू येऊ शकतं. म्हणून चांगला रेकॉर्डिस्ट कट झाला की त्यांचा आवाज खाली ओढतो. ही आमच्या कामातली मर्यादा आहे, कुणी शिकवत नाही पण पाळायची असते. एडिटरताईंना सेटवरचं दिसतं हे खरं, पण सगळ्यात आधी कळतं ते आम्हाला. एखाद्या दिवशी कट नंतर दोघं काहीच बोलत नाहीत आणि त्या न बोलण्यात दोघांचा श्वास एका लयीत असतो. मग मी हेडफोन उतरवून ठेवतो.

दोन, रूम टोन. सीन संपला की त्या जागेची शांतता रेकॉर्ड करावी लागते, एडिटमध्ये जोडकाम करायला. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. सगळ्यांनी होते तिथेच उभं राहायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. सगळा सेट पुतळ्यासारखा. मोठा रडारडीचा सीन झाल्यावर नट अजून त्यातून बाहेर आलेले नसतात आणि त्यांना तसंच एकमेकांसमोर उभं राहावं लागतं. तिथे अभिनय नसतो, कारण कॅमेरा बंद असतो. आणि पळताही येत नाही. बघा काही उपयोग झाला तर.

अबोली

बूमरॅंग, कालपासून दुसरं काही सुचत नाहीये. रात्री बसून ते पान पुन्हा लिहिलं. कच्चं आहे, तरी देते. वाईट असेल तर स्पष्ट सांगा.

*त्याचा क्लोज सहालाच झाला होता. तिला वाटलं तो गेला. मेकअपदादाने तिच्या गालावरचा ओघळ पुसून पुन्हा काढला, कंटिन्युइटीवालीने बट पुढे आणली, आणि लेन्सच्या डाव्या अंगाला, जिथे टेपचा तुकडा असायला हवा होता, तिथे तो येऊन उभा राहिला. अर्धा चेहरा पुसलेला. एका गालावर मेकअप, दुसऱ्यावर क्रीमचा पांढरा पट्टा. अंगात स्वतःचा शर्ट.*

*"गाडी थांबलीय तुझी," ती म्हणाली.*

*"थांबू दे."*

*मग त्याने क्यू दिला. सकाळी स्वतःच्या क्लोजमध्ये जे वाक्य त्याने नीट, सुंदर, मापात म्हटलं होतं, तेच आता मध्येच तुटलं. त्याने ते सावरलं नाही. तिला पुढचं वाक्य आठवायला क्षणभर लागला आणि तो क्षण, तिला नंतर कळलं, सिनेमात तसाच राहिला.*

*"कट. ओके. कुणी हलू नका, रूम टोन."*

*दिवे मालवले. अंधारात चाळीस माणसांनी श्वास रोखला. तिला त्याचा फक्त पांढरा पट्टा दिसत होता. साठ दिवस त्याला कुठे बघायचं ते कुणीतरी सांगत आलं होतं. आता कुणी सांगत नव्हतं. त्याने आधी बुटांकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग, जे तो कधीच करत नसे, नजर पुन्हा खाली नेली.*

पानगळ

वाईट? मी कामावर बसून रडतेय. नजर खाली नेणं!

विंगेतला

"थांबू दे." एवढंच हवं होतं. शाबास.

कंटिन्युइटीवाली

सुंदर. एक छोटी दुरुस्ती. तुम्ही वर सहाला म्हणताय आणि त्याचं वाक्य 'सकाळी' म्हटलंय असंही म्हणताय. 'मघाशी' करा. सवयीने दिसलं.

बूमरॅंग

माझीही एक. रूम टोन संपेपर्यंत आम्ही दिवे बंद करू देत नाही. दिव्यांचा बारीक आवाज सीनमध्ये असतो, तो टोनमध्येही लागतो. त्यामुळे तिथे अंधार होणार नाही. सगळं लख्ख उजेडात होईल. चाळीस जण बघत असतील आणि कुणालाही मान फिरवता येणार नाही, या दोघांनाही नाही.

अबोली

दिवे चालू केले. आता तिला त्याचा सगळा चेहरा दिसतोय आणि तिचा त्याला. मघापासून त्याच अर्ध्या मिनिटावर बसलेय, आता ते दीड पानांचं झालंय. 'सकाळी'ही काढलं. पुढचा भाग डबिंगचा, तो झाला की इथेच देते.